डाव्या हाताची विहीर

गोदे, तू गेलीस तेव्हा मी तुला द्यायचं उत्तर तयार करत होते.

खरंच सांगते. सकाळी आपण विहिरीवरून भांडलो, तू तणतणत ताडकळसच्या बाजाराला निघालीस, आणि मी भाकरी थापता थापता मनात म्हणत होते, येऊ दे हिला, आज असं सुनावते की बोलतीच बंद होईल. चांगलं ठसक्यातलं उत्तर सुचलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. आपल्याच गावचं पोरगं होतं. म्हणालं, "अक्का, गोदाकाकू मिरच्यावाल्यापुढं बसल्या त्या उठंनात." मी म्हटलं, "भाव करायली असंल. उठव की हाताला धरून." ते म्हणालं, "न्हाई अक्का. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणाले, खलास झाल्या." मी त्याला शिव्या घातल्या. असली थट्टा करतात का, म्हणून फोन आपटला आणि परत चुलीपुढं येऊन बसले. तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली नव्हती. मला ते अजून आठवतं, की जग बुडालं आणि भाकरी करपलीसुद्धा नाही.

तेरावं होऊन गेलं तरी मला हे पटलेलं नाही. माणूस आजारी पडतं, अंथरूण धरतं, चार लोक भेटून जातात, आपण मनाची तयारी करतो. तू तर साधी शिंकसुद्धा दिली नाहीस. तुझं लुगडं माझ्या दोरीवर वाळत होतं. तू भिजवलेली मटकी माझ्या घरात होती. दुसऱ्या दिवशी तिला मोड आले, चांगले लांब मोड, आणि घरात सुतक. मी ती वाटी हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. असं कुणी जातं का गं? मी तुझी थोरली जाऊ. वयानं मोठी, गुडघे माझे दुखतात, बीपीची गोळी मी खाते. आणि नंबर मोडून तू पुढं गेलीस. हापशावरही तू हेच करायचीस.

त्या संध्याकाळी तुझं घर माणसांनी भरलं होतं. बाया रडत होत्या. मी कुठं होते माहीत आहे? मागच्या अंगणात. विहिरीत सोडायला म्हणून तू महिनाभरापूर्वी ओतलेली ती सिमेंटची लहान रिंग, तिच्यावरचं गोणपाट भिजवत होते. तांब्यातांब्यानं. कुणी तरी म्हणालं, "अक्काच्या डोस्क्यावर परिनाम झाला." झाला असेल. पण तूच बजावलं होतंस, की भट्टीतल्या विटेला जाळ आणि सिमेंटला पाणी, कमी पडू द्यायचं नाही. त्या रिंगेला माझा विरोध होता, जीव तोडून विरोध होता, आणि तू गेल्यावर पहिलं काम मी तेच केलं. माझा हातच तिकडं गेला. डोकं नंतर आलं.

आपली विहीर आठवते का तुला, कशी सुरू झाली? दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायचो. वाटण्या झालेल्या, चुली वेगळ्या, पण पाण्याला जायचं एकाच हापशावर. तिथं रोज उठून आपली जुंपायची. माझा हंडा आधी का तुझी घागर. एक दिवस हापसा मोडला, महिना झाला तरी दुरुस्त होईना, आणि तू माझ्या दारात येऊन म्हणालीस, "अक्का, आपून हीर खांदू." मी म्हटलं, "तू खांद, मी भरते." तुला वाटलं मी थट्टा करते. मलाही तसंच वाटलं होतं.

जागा शोधायची तर लोक जमिनीखालचं पाणी सांगणारा पानाड्या बोलावतात. तू काही बोलावलं नाहीस. ओढ्याच्या कडेला, जिथं वैशाखातही लव्हाळा हिरवा राहतो, तिथं तू रात्री मडकी पालथी घातलीस, प्रत्येकात वाळलेल्या कापसाचा एक बोळा ठेवून. सकाळी उठून एकेक बोळा पिळून पाहिला. एका मडक्यातला बोळा ओला लागला. ओला म्हणजे काय, दमट. तुझे डोळे असे चमकले की मला वाटलं आतून सोनंच निघालं. मी म्हटलं, "दव असंल." तू म्हणालीस, "दव हाय, तर शेजारच्या मडक्यात कामून न्हाई?" आयुष्यभर अंगणवाडीत पोरांना प्रश्न विचारले मी, पण तुझ्यापुढं निम्म्या वेळा गप्प बसायची पाळी यायची. हे मात्र तुला कधी कळू दिलं नाही.

आपल्या दोघींच्या नवऱ्यांनी तर आधी खूप हसून घेतलं. मग तुझ्या नवऱ्यानं, दिगंबर भाऊजींनी, कुठून तरी पत्र्याचा साचा मागून आणला. त्यात आपण रिंगा ओतल्या. सर्वांत खालच्या रिंगेला भोकं पाहिजेत, पाणी आत यायला. ती पाडायची कशी? तू ओल्या सिमेंटात कडब्याच्या कांड्या खोचल्यास आणि वाळल्यावर ठोकून काढल्यास. मग ती रिंग जमिनीवर ठेवायची आणि आत उतरून तिच्या पायाखालची माती काढत जायची. माती निघाली की रिंग आपल्या वजनानं खाली सरकते. सरकली की वर दुसरी. म्हणजे विहीर आधी बांधायची आणि मग खणायची, उलटं काम. पण त्यामुळं काळी माती अंगावर ढासळत नाही. तू आत, मी वर कप्पीवर. रोज उतरण्याआधी तू दोरीनं दिवा खाली सोडायचीस. दिवा विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही, खाली हवा वाईट आहे समजायचं. आत गेलेल्या बाईला मी वर ओढू शकले नसते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आणि तुझा तो डावा हात. लग्न होऊन आलीस त्या दिवशीच आत्याबाईंनी, आपल्या सासूनं, पाहिलं की नवी सून डावखुरी आहे. डाव्या हातानं थापलेली भाकरी देवाला चालत नाही म्हणून नैवेद्याचा स्वयंपाक तुला कधी करू दिला नाही. वाढायचं उजव्या हातानं, हळदीकुंकू उजव्या हातानं. तू करायचीस बिचारी, अवघडून, निम्मं सांडून. पण रिंगेत उतरलीस की कुदळ डाव्या हातात. मी वरून ओरडले होते, "आत्याबाई बघतील." तू वर न पाहताच म्हणालीस, "इथं खाली कोण येतंय बघायला? इथं माझंच राज हाय." मातीनं भरलेली टोपली मी ओढायचे आणि तुझं ते राज्य दर दिवशी थोडं खाली जायचं. इतकी खूश मी तुला ना सणाला पाहिली, ना तुझ्या लेकाच्या, प्रकाशच्या लग्नात.

पाणी लागलं त्या दिवशी काळी माती संपून, पिवळी संपून वाळूसारखा मुरूम लागला होता. तू ओरडलीस. नुसतं ओरडलीस, शब्द नव्हते. मी वाकून पाहिलं तर तू डाव्या हाताचा पसा भरून पाणी पीत होतीस, गढूळ, मातीसकट. आत्याबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि ताट तिथंच ठेवलं. म्हणाल्या, "डाव्या हातानं पहिलं पाणी घेतलं. ही हीर सरळ जायची न्हाई."

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी कशाला गप्प बसू? मला खरंच विहीर वाकडी दिसायची. वरून पाहिलं की पश्चिमेची कड झुकल्यासारखी. मी म्हटलं, "गोदे, हीर वाकडी झाली गं." तू म्हणालीस, "हीर सरळ हाय, अक्का. तुमची नजर वाकडी हाय." झालं. भांडण मिटावं म्हणून विहीर खणली आणि पुढं सगळा जन्म विहिरीवरून भांडलो. पाव्हणे आले तरी त्यांना काठावर नेऊन विचारायचो, सांगा, सरळ की वाकडी? पाव्हणे चहा पिऊन पळायचे. दोरीला दगड बांधून सोडून पाहिला, तर तू म्हणालीस वाऱ्यानं हलला. दिवाळीला फराळाची ताटं बदलताना पण आपण आधी "वाकडी" आणि "सरळ" म्हणायचो आणि मग लाडू द्यायचो.

माझा खांदा आखडला त्या वर्षी माझे रांजण कोण भरत होतं? मी उठायच्या आत ते भरलेले असायचे. मी एकदाही विचारलं नाही आणि तूही कधी सांगितलं नाहीस. फक्त रांजणाच्या डाव्या बाजूला पाणी सांडलेलं असायचं, त्यावरून मी ओळखायचे. मला तुझा डावा हात फार आवडायचा, गोदे. हे तोंडानं बोलायला काय झालं होतं मला? आता बोलते तर ऐकायला तू नाहीस, आणि मला अजून वाटतं की भिंतीपलीकडून तू म्हणशील, "काय बडबडायलात एकट्याच?"

यंदा पाणी लवकर खाली गेलं. बादली तळाला लागून गाळ आणायला लागली. प्रकाश म्हणाला, "माय, आता यंत्र बोलावू. बोर पाडू. ही हीर बुजवून टाकू, जागा तरी मोकळी होईल." तुझाच लेक, पण तू त्याच्याकडं असं पाहिलंस की तो ताटावरून उठला. तू म्हणालीस, जुन्या रिंगांच्या आत उतरेल अशी एक लहान रिंग ओतायची, तळाशी सोडायची, तिच्यातून आणखी खाली खणायचं. गाळ काढायचा, खडी टाकायची, पाणी पुन्हा येतं. आणि ओतलीसच. मी म्हटलं, "हीर वाकडी हाय. तुझी रिंग मधीच अडकंल. मग ना हीर राहील ना रिंग. प्रकाश म्हणतो ते ऐक." शेवटच्या सकाळी हेच भांडण होतं. तू पिशवी उचललीस आणि दारातून म्हणालीस, "येऊ द्या मला बाजारातून. आज सोक्षमोक्षच लावते."

काय लावणार होतीस सोक्षमोक्ष? चुलीपुढं उत्तर जुळवता जुळवता हेही मनात येत होतं. हिच्या मनात काय आहे?

दहाव्याला गंगाखेडला गेलो, गंगेवर. मी ठरवूनच गेले होते. मला पक्कं ठाऊक होतं की कावळा शिवणार नाही. तुझं इतकं राहिलं होतं! रिंग राहिली, भांडण राहिलं. सगळे एकेक बोलून थकतील, प्रकाश म्हणेल पोरांना नीट शिकवीन, भाऊजी म्हणतील मी गोळ्या वेळेवर घेईन, आणि कावळा हलणार नाही. मग मी पुढं होईन आणि म्हणेन, "गोदे, रिंग सोडू." हे वाक्य मी एसटीत बसून घोकत आले होते. पिंड ठेवला. लोक अजून मागं सरकत होते, आणि कावळा आला, बसला, आणि खाऊ लागला.

कुणाला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. बाया म्हणाल्या, "लय पुण्याची बाई. काई मागं ठिवलं न्हाई." सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र नाही. फोन आला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला तिथं बसला. अगं, काहीच नाही? माझ्याशी भांडून निघालेली बाई, आणि तिचं काहीच अडकलेलं नाही? मला राग आला तुझा. घाटाच्या पायरीवर बसून मी रडले ते रागानं रडले. लोकांना वाटलं, जावेवर किती जीव होता. होताच. पण त्या वेळी राग होता.

परत आल्यावर भाऊजी खाटेवर बसले ते उठेनात. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "वहिनी, हीर बुजवून टाका. मला ती दिसायला नको. हीर असंल तर मला वाटंल, ही खालीच हाय, आता हाक मारंल." प्रकाशनं मान हलवली. तेरावं झालं की मुरूम टाकणारा ट्रॅक्टर सांगायचं ठरलं. मी काय बोलणार? वाकडी, वाकडी म्हणून एवढी वर्षं ओरडणारी मीच. कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

तेराव्याच्या आवराआवरीत तुझी बाजाराची पिशवी सापडली. दवाखान्यातून तुझ्याबरोबर आली होती, कुणी तरी खुंटीला अडकवली आणि विसरलं. मिरच्या सुकून गेल्या होत्या. नवी दोरी होती, चांगली जाड. आणि खाली, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का पाहायला सोडतो तो, पितळी, नवाकोरा, सुतळीसकट.

सुतळी धरून मी तो पितळी गोळा लटकवून पाहिला. हा तुझा सोक्षमोक्ष. तीसेक वर्षं दगड बांधून, पाव्हण्यांना विचारून जे सुटलं नाही, ते तू दुकानातून विकत घेऊन येत होतीस. खरेदी झाली होती. म्हणूनच कावळा लगेच आला का गं? तुझं काम झालं होतं. राहिलं होतं ते माझं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. ओळंबा पदराखाली घेतला, भिंतीवरचा आरसा घेतला, आणि भर दुपारी विहिरीवर गेले. उन्हं डोक्यावर होती. आरशानं ऊन आत सोडलं तशी विहीर तळापर्यंत उजळली. खालच्या रिंगेतली ती कडब्याच्या कांड्यांची भोकं दिसली. थोडंसं पाणी दिसलं. पश्चिमेच्या कडेवरून मी सुतळी सोडली, भिंतीपासून जराशी लांब धरून. थांबले, गोळा शांत होऊ दिला. माझ्यामागं प्रकाश आला होता. त्याच्यामागं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खाटेवरून उठून, भाऊजी. ते लिंबाखालीच थांबले, पुढं येईनात.

"मोठीमाय, काय करायलीस?" प्रकाश म्हणाला.

"तुझ्या मायनं ओळंबा आणलाय. बघायले."

"मग? काय दिसायलंय?"

मी पुन्हा वाकून पाहिलं. वर सुतळी भिंतीपासून चार बोटं होती. खाली गोळा भिंतीपासून दोनच बोटांवर लटकत होता; विहीर सरळ असती तर खालीही चारच असती. आरसा हलवून पाहिला, डोळे पुसून पाहिलं. दोन बोटं. ना वारा होता, ना माझी नजर वाकडी होती.

मी जिंकले होते, गोदे. एवढ्या वर्षांनी, साक्षीपुराव्यासह. माझ्या तोंडून ओरडणंच बाहेर पडणार होतं, आणि मान वळवून मी तुझ्या भिंतीकडं पाहिलंही. पलीकडं ऐकायला कुणी नव्हतं. फोन आला तेव्हा तू गेलीस असं लोक म्हणतात. माझ्यासाठी तू त्या क्षणी गेलीस.

प्रकाश जवळ यायला लागला तशी मी सुतळी भराभर वर ओढली.

"सरळ हाय," मी म्हटलं. "एका रेषेत. सुईसारखी सरळ. तुझी माय खरं सांगत होती."

लिंबाखालून भाऊजींनी विचारलं, "खरंच, वहिनी?"

"खरंच."

"डाव्या हातानं खांदली, तरी?"

"डाव्या हातानं खांदली, भाऊजी. आत्याबाई असत्या तर त्यांना पण दाखवलं असतं."

ते तिथंच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. तू गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. मग उठले, काठापर्यंत आले आणि आत पाहिलं. म्हणाले, "पर्काश, तो ट्रॅक्टर नको सांगू."

परवा रिंग सोडायची आहे. रिंग पेलायला तीन वाशांची तिपाई उभी केली आहे, दोरी तुझीच नवी. भीती नाही. तुझी रिंग जुन्या रिंगेच्या आत सगळीकडून चार बोटं मोकळी बसते, मी स्वतः मापून पाहिलं. चार बोटांच्या फटीत दोन बोटांचा वाकडेपणा सहज खपतो. हेही तुला ठाऊक असणार, उगीच का तू ती एवढी लहान ओतलीस. आधी दिवा सोडू, विझला नाही तरच प्रकाश उतरेल. खणायला पश्चिमेच्या बाजूनं सुरुवात कर, एवढंच त्याला सांगितलं आहे. का, ते सांगितलं नाही.

आज सकाळी तो म्हणाला, "मोठीमाय, सरळच होती तर मग तुमी दोघी एवढी वर्सं कामून भांडल्या?" मी म्हटलं, "तुझ्या मायला विचार." आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

ती वाकडी आहे, गोदे. दोन बोटं, पश्चिमेला. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही.